पुलावर उतरणारी माणसं

सोमवार, ३ फेब्रुवारी

रस्ते खात्याच्या नस्तीत, म्हणजे फायलीत, लिहिता येत नाही असं बरंच काही डोक्यात साचतं, म्हणून ही वही. कुणी वाचली तर वाचणाऱ्याचं नशीब.

साहेबांनी आज सायकल मार्गाचं काम माझ्या टेबलावर आणून ठेवलं. "तुम्ही मोजमापात पक्क्या आहात," म्हणाले. म्हणजे दुसरं कुणी तयार झालं नाही. मोठ्या दवाखान्यापासून जुन्या पुलावरून बाजारापर्यंत चार किलोमीटर. सायकलवाल्यांना काय हवंय ते विचारायचं, ते किती आहेत ते मोजायचं, आणि २४ तारखेच्या बैठकीत आराखडा मांडायचा. मी म्हटलं, मी सायकल चालवत नाही. साहेब म्हणाले, "उत्तम. पक्षपात होणार नाही."

मोजणीचा फॉर्म तयारच आहे. नऊ वर्षांपूर्वी मीच बसवला होता. प्रत्येक वाहनाला वेगळा रकाना, कुठे संदिग्धता नाही. तळटीपसुद्धा माझी: "हातात सायकल धरून चालणाऱ्यास पादचारी समजावे." आधी दोन मोजणीदार त्यावरून भांडायचे, तळटीप आली आणि भांडण मिटलं. आमच्या खात्यात लोक पूल बांधून नाव मिळवतात, मी तळटिपा लिहून मिळवलं.

बाबांना सांगितलं. पेपर खाली न करता म्हणाले, "पुलावर पण करणार?" म्हटलं, आकडे येतील तसं. "हं," म्हणाले, आणि बराच वेळ पान उलटलं नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

विचारपूस सुरू. पहिलं गिऱ्हाईक दातांचे डॉक्टर. अंगाला चिकटलेले पिवळे कपडे, डोक्यावर कलिंगडाच्या फोडीसारखं शिरस्त्राण. रोज पहाटे चाळीस किलोमीटर मारून मग दवाखाना उघडतात. मी त्यांचं नाव 'बाण' ठेवलंय.

मला वाटलं, सायकल मार्ग म्हटल्यावर हे खूश होतील. म्हणाले, "मला तुमचा पट्टा नकोच."

"का हो?"

"पट्ट्यात मुलं असणार, कुत्री असणार, जोडीजोडीने गप्पा मारत जाणारे असणार. मी कुणाला तरी धडकणार. मला रस्ताच द्या, फक्त खड्डे बुजवा. आणि पट्ट्यातूनच जायची सक्ती करू नका, म्हणजे झालं."

दोन वाक्यांत मागणी संपली. इतकं नेमकं बोलणारा माणूस आमच्या खात्यात असता तर निम्म्या बैठका वाचल्या असत्या. जाताना माझ्याकडे बघून म्हणाले, "खालची दाढ दाखवून घ्या. बोलताना डावा गाल दाबताय." हे खरं आहे. दुखतेय कधीची.

माझी केसांची रबरं परत गायब. काळ्या रबरांचं पाकीट आणलं होतं रविवारी, आज दोन उरलीत. घरात माणसं दोन, त्यातल्या एकाला टक्कल. उंदीर असावा.

शनिवार, ८ फेब्रुवारी

आजचा माणूस विसरणार नाही मी. काचवाला. सायकलच्या मागे लाकडी चौकट, त्यात खिडकीच्या चार काचा उभ्या, मध्ये गोणपाट. अशा काचा घेऊन तो बाजारातून दवाखान्याकडे येतो, रोज, बावीस वर्षं. आजवर किती फुटल्या विचारलं तर म्हणाला, "सायकलवर एक. खाली उतरवताना गिऱ्हाइकांनी फोडल्या त्या मोजल्या नाहीत."

त्याला काय हवंय? "बाई, मला दचका नको. तुम्ही लोक लाल रंग मारता, चित्रं काढता, ते राहू द्या. डांबर संपून सिमेंट लागतं ना, तिथे बोटभर पायरी सोडू नका. बोटभर पायरी तुमच्यासाठी काही नाही, मला ती दाराचा उंबरा वाटते."

मी त्याला थोडं चालवून दाखवायला सांगितलं. हँडल अजिबात हलत नाही. खांद्यांनी, कमरेनं तोल सांभाळतो, आणि काचांमध्ये आकाश स्थिर दिसतं. मी पंचवीस वर्षं रस्ते करतेय, रस्ता असा वाचणारा माणूस पाहिला नव्हता. मनापासून सांगते, माझी मान खाली गेली.

शेवटी म्हणाला, "पुलावर मात्र उतरतो. बसचा वारा काचेवर बसतो." तेही लिहून घेतलं. काचवाल्याची खास अडचण म्हणून.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

शिवणकाम करणारी बाई. पुढे धाकटा, मागे थोरली, हँडलला कापडाची पिशवी. मुलांना शाळेत सोडून कारखान्यात. "ताई, रुंदी किती का असेना, पण गाड्यांच्या आणि माझ्या मध्ये काहीतरी उभं असू दे. रंगाच्या रेघेला काय कळतंय? रेघ ओलांडायला बसला पाय लागत नाहीत." धाकट्याला विचारलं तुला काय हवंय. तो म्हणाला, "पुलावर आई उतरते आणि आपण चालतो. मला चालायचं नसतं."

मग दवाखान्यातली सिस्टर, रात्रपाळी संपवून घरी चाललेली. तिला उजेड हवा. आणि झुडपं नकोत. "सुशोभीकरण करता ना, ते कमरेच्या वर नको. मागे कोण उभं आहे ते मला दिसलं पाहिजे." हे मला कधी सुचलं नसतं. पुरुष अभियंत्यांना तर सात जन्मांत नाही.

एकाला वेग हवा, एकीला भिंत, एकाला सपाटी, एकीला दिवा. सगळ्यांना एकाच पट्ट्यात कसं बसवू? पण चिडचिड होत नाहीये, उलट मजा येतेय. ही माणसं रोज माझ्या रस्त्यांवरून सायकल चालवून माझ्या चुका पायांनी निस्तरतात, आणि विचारलं तर शिवी देत नाहीत, आभार मानतात.

जेवताना बाबांना सगळं सांगितलं. बाबांनी काचवाल्याचं फार लक्ष देऊन ऐकलं. मग म्हणाले, "म्हाताऱ्यांना विचारलंस का?"

"म्हातारे कुठे सायकल चालवतात आता?"

"असतील एखाद-दोन," आमटी ओरपत म्हणाले. "म्हाताऱ्या माणसाला चालवायला काही वाटत नाही. थांबणंही सोपं. पुन्हा बसणं अवघड. टांग वर जात नाही. तेव्हा त्याला कमी वेळा थांबायला लागावं, एवढंच."

चांगला मुद्दा. लिहून घेतला. दोन वर्षांपूर्वीपर्यंत स्वतः चालवत होते, त्यामुळे आठवत असणार.

दोन वर्षांपूर्वीचं इथे लिहून ठेवते. पुलाच्या तोंडाशी गटाराच्या झाकणावरून घसरले, मनगट मोडलं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी. आई जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते. दवाखान्याच्या बाकावर बसून मी ठरवलं, बस्स. शब्द घेतला त्यांच्याकडून. सायकल कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याला नेऊन दिली आणि म्हटलं, कुणा गरजूला दे. बाबा आठवडाभर बोलले नाहीत. मग मी बसचा पास काढून दिला आणि आता ते रोज सकाळी बसने पुलापलीकडच्या वाचनालयात जातात, ताजे पेपर वाचायला. तब्येत किती सुधारली! डॉक्टर म्हणाले, रक्तदाब पन्नाशीतल्या माणसासारखा. बसच्या प्रवासाने एवढा फरक पडतो हे नवल.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

मोजणी झाली. आमचे मोजणीकाका आणि त्यांचा जोडीदार, तीन ठिकाणी तीन दिवस. मोजणीकाकांची तीस वर्षं रस्त्याच्या कडेला स्टुलावर गेलीत. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी, मान वर नाही.

दवाखान्याचा चौक: पाचशे बारा सायकली. बाजाराचा चौक: चारशे अठ्ठ्याण्णव. पूल: एकसष्ट.

पुलावर पट्टा करायचा तर गाड्यांची एक रांग काढावी लागेल, आणि नियम असा की त्यासाठी दिवसाला चारशे सायकली दिसल्या पाहिजेत. साहेबांनी आकडा बघून फाइल मिटली. "पुलाआधी करा, पुलानंतर करा. पूल सोडा."

म्हणजे दोन तुकडे, मध्ये साडेतीनशे मीटर काहीच नाही. वाईट वाटलं. पण आकड्यापुढे कुणाचं चालत नाही, निदान माझं तरी.

सोमवार, १७ फेब्रुवारी

सकाळी बाबा नेहमीप्रमाणे सातला गेले. वाचनालय सोमवारी बंद असतं असा माझा समज होता, वेळ बदललेली दिसते. कपडे धुताना त्यांच्या पँटच्या उजव्या पायाला काळं वंगण. बसच्या पायऱ्यांना हल्ली काय काय लागलेलं असतं. पास मात्र कप्प्यात नवाकोरा आहे, एक सुरकुती नाही. वस्तू जपून वापरावी तर बाबांनी.

जेवताना पुलाचं सांगितलं. एकसष्ट. बाबांनी चमचा खाली ठेवला.

"अलीकडे पाचशे, पलीकडे पाचशे, आणि मध्ये साठ?"

"लोक पूल टाळतात, बाबा. नदीकाठच्या रस्त्याने वळत असतील."

"आणि मग? नदी पोहून जातात?"

"बाबा, शास्त्रीय मोजणी आहे ती."

"असेल. तू स्वतः गेली होतीस का पुलावर? सकाळची?" आवाज चढला होता. बाबांचा आवाज मी वर्षभरात चढलेला ऐकला नव्हता. "पंचवीस वर्षं नोकरी केलीस, एक दिवस स्टुलावर बसून बघ."

राग आला. पण गणित खरंच जुळत नाही. झोप येत नाहीये, ते पाचशे सायकलवाले माझ्या डोक्यात पोहतायत.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

आजचं क्रमाने लिहिते, नाहीतर गोंधळ होईल.

पावणेसातला पुलावर पोहोचले. मोजणीकाकांचं स्टूल घेतलं, फॉर्म घेतला, कठड्याला पाठ लावून बसले. बस, ट्रक, मोटारी. सायकल नाही. पादपथावर मात्र माणसांची रांग. मी पायी चालणाऱ्यांच्या रकान्यात रेघा मारत सुटले. दहा मिनिटांत दोन पानं. हात आपोआप चालतो, डोळे फक्त मोजतात.

मग काचवाला आला. काचा मागे, हात हँडलवर, पायी. 'पायी'च्या रकान्यात रेघ. त्याच्यामागे शिवणवाली, धाकटा तिच्या पदराला धरून रडवेला. रेघ. सिस्टर. रेघ, रेघ. शाळेच्या मुली, भाजीवाले, रंगारी. प्रत्येकाच्या हातात सायकल. सगळे पुलाच्या तोंडाशी उतरतात आणि पलीकडे जाऊन पुन्हा चढतात, कारण बसच्या आणि कठड्याच्या मध्ये चालवायला माणसाची हिंमत होत नाही. पुलावर सायकली नाहीत असं नव्हतंच. मीच त्यांना नऊ वर्षांपूर्वी पादचारी करून टाकलं होतं. जितका रस्ता भीतीदायक, तितके माझ्या फॉर्मवर सायकलवाले कमी. पुलावर चालवत गेलेले ते एकसष्ट म्हणजे 'बाण'च्या जातीचे.

हे लक्षात येतंय न येतंय तोवर सात वाजून दहा मिनिटांनी बाबा आले.

हिरवी सायकल. तीच. मी दिलेली, म्हणजे दुरुस्तीवाल्याला दिलेली. कुणा गरजूला दे म्हटलं होतं, त्याने दिली. कॅरिअरला वाचनालयाचं पुस्तक, पँटचा उजवा पाय घोट्याशी आवळलेला, आणि त्यावर माझं काळं रबर.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. अख्ख्या शहरातले सायकलवाले विचारून आले मी.

मी फॉर्म तोंडासमोर धरला. ते माझ्यापासून चार हातांवरून गेले, मी दिसले नाही त्यांना. पुढे बघून, ताठ, एखादं जनावर सांभाळून न्यावं तशी सायकल धरून. पुलाच्या टोकाला गेले. तिथे कडेचा एक दगड वर आलेला आहे, तो आम्ही दुरुस्त करायला विसरलोय. त्या दगडावर डावा पाय ठेवला, टांग उचलली. नाही जमलं. दुसऱ्यांदा नाही. मागून येणाऱ्या मुलींनी हसून बघितलं, टोकाला सायकल स्टँडवर लावून काचा सारख्या करत थांबलेल्या काचवाल्याने मात्र मागे येऊन सीट धरली. तिसऱ्यांदा जमलं. आणि मग बाबा गेले. उतारावरून, पाठ ताठ करून, सरळ रेषेत. चाक जरासुद्धा डगमगलं नाही.

मी ओरडणार होते. शब्द मोडलात म्हणून. पुन्हा पडलात तर? असं पळत जाऊन विचारणार होते. पण बसूनच राहिले. माझ्या हातातल्या फॉर्मवर त्यांची रेघ पायी चालणाऱ्यांत पडली होती.

बाबा नऊला घरी आले. मी दार उघडलं.

"बस मिळाली लगेच?"

"मिळाली की," म्हणाले. पँटचा पाय सरळ होता. रबर खिशात असणार.

गुरुवार, २० फेब्रुवारी

बाबांना काही बोलले नाही. अळीमिळी गुपचिळी.

राग अजून आहे. दोन वर्षं! चेहऱ्यावर रेष न हलवता! भीतीही आहे, ती तर रागापेक्षा जास्त. पण मंगळवारपासून एक चित्र डोळ्यांपुढून हलत नाही, टोकाच्या दगडावर तिसऱ्यांदा उचललेला तो पाय. आई गेलेली, मनगट मोडलेलं, सायकल गेलेली, तेव्हा बाबा दिवसभर खिडकीशी बसून असायचे. बसच्या प्रवासाने बरे झाले असं मी समजत होते! मी त्यांच्याकडून शब्द घेतला असं वर लिहिलंय. घेतला नव्हता, काढून घेतला होता. हात प्लास्टरमध्ये असलेला माणूस काय नाही म्हणणार?

मोजणीकाकांना नवा फॉर्म दिला. एक रकाना जास्त: 'सायकल हातात'. त्यांनी बघितलं. "तळटीप काढली?"

"चुकली होती."

"नऊ वर्षं मला वाटत होतं हो," ते म्हणाले. "पण छापलेलं होतं."

शनिवार, २२ फेब्रुवारी

दोन दिवसांची मोजणी. पुलावर चालवत: एकोणसाठ, त्रेसष्ट. हातात सायकल: चारशे सदतीस, चारशे एकवीस.

बैठकीत उभं राहून 'चूक माझी' म्हणायचं आहे. ते तोंडातून काढण्यापेक्षा दुखरी दाढ काढणं सोपं.

सोमवार, २४ फेब्रुवारी

झाली बैठक. अकरा जण, त्यातले नऊ मोटारीने आलेले.

साहेब म्हणाले, "पायी चालणारा तो पादचारी. तळटीप तुमचीच ना?"

"माझीच. चूक माझी. नऊ वर्षं जिथे जिथे लोक घाबरून उतरले, तिथे तिथे मी लिहिलं की सायकली नाहीत."

वाहतूकवाले अधिकारी म्हणाले, "पण उतरून जातातच की व्यवस्थित. साडेतीनशे मीटर चालायला अडचण काय?"

मी आराखडा बाजूला ठेवला. काचवाला सांगितला, शिवणवाली, सिस्टर. मग म्हटलं, "आणि एक गृहस्थ आहेत, शहात्तर वर्षांचे. त्यांना चालवायला काही वाटत नाही. थांबणंही सोपं. पुन्हा बसणं अवघड. पुलाच्या टोकाला एक दगड वर आलाय, तो आपण दुरुस्त केला नाही म्हणून ते पुन्हा सायकलवर बसू शकतात. आपल्या खात्याने त्यांच्यासाठी आजवर तेवढंच केलंय."

सांगून टाकलं. सगळ्यांसमोर. मोजणीकाका छताकडे बघत होते.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "ओळखीचे आहेत?"

"हो."

"एक महिन्याची चाचणी," साहेब म्हणाले. "गाड्यांची एक रांग काढा. आकडा घसरला तर पट्टा काढून टाकणार, सांगून ठेवतो." उठता उठता थांबून म्हणाले, "तो दगड मात्र राहू द्या सध्या."

मी या माणसाला खडूस म्हणत आले आजवर. नाही म्हणणार. निदान आठवडाभर.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

बाजारातून काळ्या रबरांचं मोठं पाकीट आणलं, बारा नग. बाबांच्या कप्प्यात, बसच्या पासावर ठेवलं. बोलले काही नाही.

संध्याकाळी पाकीट तिथेच, न फोडलेलं. बाबा जेवताना माझ्याकडे बघेनात. मीही बघेना. भात वाढला, त्यांनी खाल्ला. एवढ्या मोठ्या दोन माणसांचं हे वागणं.

बुधवार, २६ फेब्रुवारी

पाकिटात अकरा.

गुरुवार, १३ मार्च

पुलाचं काम सुरू. जोडावर बोटभर पायरी राहिली होती, मुकादम म्हणाला चालतं. मी म्हटलं काचवाल्याला बोलाव, तो म्हणेल तर चालेल. काचवाला काचांसकट आला, एकदा गेला, मान हलवली. जोड उकरून पुन्हा केला. शिवणवालीसाठी मध्ये गुडघाभर उंच कडा. सिस्टरसाठी दिवे, आणि उद्यानवाल्यांच्या कुंड्या परत पाठवल्या. 'बाण'साठी सक्तीची पाटी लावली नाही. दाढ काढली परवा, त्यांनीच. एकदाही दचका नाही.

बाबांना रात्री जेवताना विचारलं, "पट्ट्याच्या सुरुवातीला चढ किती असावा? समजा, म्हाताऱ्या माणसासाठी."

"समजा," बाबा म्हणाले, आणि पेपराच्या कडेला चढ काढून दाखवला. मी काढला होता त्याहून निम्मा. त्यांचाच घेतला.

सोमवार, ७ एप्रिल

चाचणीचा पहिला दिवस. फीत नाही, भाषण नाही, साहेबांनी सांगितलं तसं. साडेसहाला स्टुलावर बसले, मोजणीकाका शेजारी.

सुरुवातीला लोक सवयीने पुलाच्या तोंडाशी उतरले. पट्ट्याकडे बघितलं, एकमेकांकडे बघितलं. शिवणवालीचा धाकटा म्हणाला, "आई, बस ना." ती बसली. मग एकामागून एक. काचवाला गेला तेव्हा त्याच्या काचांत नदी दिसली. बाण भर रस्त्यातून सणसणत गेले आणि हात हलवून गेले. माझ्या 'सायकल'च्या रकान्यात रेघा मावेनात.

सात दहाला हिरवी सायकल. या वेळी मी फॉर्म तोंडासमोर धरला नाही. बाबा चढावर आले, उतरले नाहीत. मला बघितलं. मी उभी राहिले. पाठ तशीच ताठ, घोट्याला रबर. अगदी शेजारून जाताना घंटी वाजवली आणि म्हणाले,

"मोजलंस का गं?"

"मोजलं, बाबा."

ते थांबले नाहीत. थांबले असते तर पुन्हा बसावं लागलं असतं.